‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं कुणी म्हणालं, तर आधी हे वाचा: विंडोजची सर्व्हिस सुरू होत नसेल तेव्हा काय बघायचं?



एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. सकाळचे साडेनऊ वाजलेत. कॉम्प्युटर सुरू आहे, प्रिंटरचा हिरवा लाईट पेटलाय, ट्रेमध्ये कागद आहे, टोनरही परवाच भरलाय. तुम्ही प्रिंटचं बटण दाबता आणि काहीच होत नाही. काउंटरसमोर दहा-बारा जण उभे, आणि प्रत्येकाला घाई.

तुम्ही झेरॉक्सचं दुकान टाकणार असाल, ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र काढणार असाल किंवा किराणा दुकानात बिलिंग सॉफ्टवेअर बसवणार असाल, तर अशी सकाळ कधी ना कधी तुमच्याही वाट्याला येणार आहे. त्या वेळी घाबरून काय करायचं नाही आणि शांतपणे काय बघायचं, हे आज सांगते. व्हिडिओमध्ये मी हे स्क्रीनवर करून दाखवलंय. पण गडबडीच्या वेळी व्हिडिओ मागे-पुढे करत बसायला वेळ नसतो, म्हणून इथे क्रमाने लिहून ठेवतेय. प्रिंट काढून काउंटरच्या आत चिकटवा. हो, प्रिंटर चालू आहे तोवरच काढा!

माझ्याच दुकानातला तो सोमवार

तीन वर्षांपूर्वीचा जून. ॲडमिशनचे दिवस. माझं दुकान कॉलेज रोडला, त्यामुळे वर्षाचा मोठा धंदा याच महिन्यात होतो. सोमवारी सकाळी दुकान उघडलं आणि पहिलीच प्रिंट निघाली नाही. स्क्रीनवर एक छोटी खिडकी आली, मी ‘ओके’ दाबून ती बंद केली. परत प्रिंट दिली, परत खिडकी आली, परत ओके. प्रिंटर बंद करून चालू केला. केबल काढून घातली. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. हे सगळं करण्यात वीस मिनिटं गेली.

मग टेक्निशियनला फोन केला. तो दुसऱ्या गावात होता. त्याने दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, “मॅडम, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारावा लागेल. दुपारी येतो, पाचशे रुपये होतील.”

मी हो म्हणणारच होते. पाचशे रुपयांचं काही वाटत नव्हतं, मला फक्त प्रिंट हवी होती.

रांगेत एक काका उभे होते. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, पेन्शनच्या कागदांच्या झेरॉक्सला नेहमी येतात. ते म्हणाले, “ताई, मघापासनं ते काहीतरी लिहून येतंय आणि तुम्ही न वाचता बंद करताय. काय म्हणतंय ते तरी वाचा की.” आणि पुढे म्हणाले, “गाडी चालू हुईना म्हणून आम्ही लगेच इंजिन उतरवत नव्हतो. आधी डिझेल बघायचं, मग बॅटरी बघायची.”

मी परत प्रिंट दिली आणि या वेळी खिडकी वाचली. तिथे इंग्रजीत सरळ लिहिलं होतं, की लोकल प्रिंट स्पूलर सर्व्हिस चालू नाही. म्हणजे माझा कॉम्प्युटर सकाळपासून मला दुखणं कुठे आहे ते सांगत होता आणि मी त्याला ओके-ओके करून गप्प बसवत होते.

मोबाईलवर शोधत, चुकत-माकत ते दुरुस्त करायला मला चाळीस मिनिटं लागली. आज तेच काम तीन मिनिटांत होतं. त्या चाळीस मिनिटांत रांगेतले निम्मे लोक समोरच्या दुकानात गेले. त्यात एका वर्गाची प्रतिनिधी मुलगी होती. त्या वर्षी तिच्या सगळ्या वर्गाच्या जर्नलचं बाइंडिंग समोरच्या दुकानात झालं. म्हणजे मला तो बिघाड प्रिंटच्या चार पैशांना पडला नाही, पूर्ण सीझनच्या कामाला पडला.

आणि खरी भीती मला रात्री हिशोब करताना वाटली. माझं बिलिंग सॉफ्टवेअर त्याच कॉम्प्युटरवर होतं. वकिलांची, क्लासेसची, पतसंस्थेची महिन्याची उधारी त्यातच. साधारण नव्वद हजार रुपये येणं होतं. त्याचा डेटा सी ड्राइव्हमध्ये होता आणि शेवटचा बॅकअप दोन महिने जुना. दुपारी फॉरमॅट मारला असता तर प्रिंट चालू झाली असती, पण कुणाकडून किती येणं आहे ते मला त्यांनाच विचारावं लागलं असतं!

सर्व्हिस म्हणजे नेमकं काय?

आपण वर्ड उघडतो, ब्राउझर उघडतो, तेव्हा खिडकी दिसते. सर्व्हिस म्हणजे खिडकी न दाखवता मागे चालणारा प्रोग्रॅम. विंडोज सुरू होताना अशा कितीतरी सर्व्हिसेस आपोआप सुरू होतात. दुकानाचंच उदाहरण घ्या. गिऱ्हाईक काउंटरवरच्या माणसाला ओळखतं, पण सकाळी लवकर येऊन माल उतरवून घेणारा, गोडाऊन लावणारा माणूस त्याला दिसत नाही. तो आला नाही तर मात्र काउंटरचं काम अडतं.

प्रिंट स्पूलर हा असाच मागे राबणारा गडी. तुम्ही प्रिंट दिली की ती थेट प्रिंटरला जात नाही. स्पूलर ती फाइल एका फोल्डरमध्ये ठेवतो, रांग लावतो आणि एकेक करून प्रिंटरला पाठवतो. तो बंद पडला तर प्रिंटर कितीही नवा असो, त्याच्यापर्यंत काही पोहोचतच नाही. कधीकधी तर प्रिंटरची यादीच रिकामी दिसते आणि आपल्याला वाटतं प्रिंटरच गेला.

बऱ्याच बिलिंग सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. त्यांच्या मागे डेटाबेसची एक सर्व्हिस चालते. ती सुरू झाली नाही की सॉफ्टवेअर उघडतं, पण ‘कनेक्शन होत नाही’ म्हणून अडून बसतं.

आता क्रमाने बघू. काकांचा नियम लक्षात ठेवा: सोपं आणि कमी नुकसानीचं आधी, मोठं आणि न पुसता येणारं शेवटी.

पायरी १: वाचा आणि फोटो काढा

स्क्रीनवर जे आलंय त्याचा मोबाईलवर फोटो काढा. मग ओके दाबा. फोटोत दोन गोष्टी हव्यात: सर्व्हिसचं नाव आणि एररचा नंबर. इंग्रजी कच्चं असलं तरी काळजी करू नका. नंबर सगळ्यांना वाचता येतो आणि निम्मं उत्तर त्या नंबरातच असतं.

पायरी २: सर्व्हिसेसची खिडकी उघडा

स्टार्टवर क्लिक करा, इंग्रजीत ‘सर्व्हिसेस’ टाइप करा आणि गिअरचं चित्र असलेला पर्याय उघडा. लांबलचक यादी येते. ती बघून दचकू नका. नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने असतात, आपल्याला हवं ते एकच नाव शोधायचं. आपल्याला हवाय ‘प्रिंट स्पूलर’.

त्याच्यासमोर दोन रकाने बघा. पहिला ‘स्टेटस’. तिथे ‘रनिंग’ असेल तर सर्व्हिस चालू आहे, रकाना रिकामा असेल तर बंद आहे. दुसरा ‘स्टार्टअप टाइप’. तिथे ‘ऑटोमॅटिक’ असेल तर कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होते. ‘मॅन्युअल’ म्हणजे गरज पडली की सुरू होते. ‘डिसेबल्ड’ म्हणजे कुणीतरी तिला कुलूप लावलंय.

डिसेबल्ड दिसलं तर नावावर डबल क्लिक करा, स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ करा, ‘अप्लाय’ दाबा आणि मग ‘स्टार्ट’. त्यासाठी तुमचा यूजर ॲडमिनिस्ट्रेटर असायला हवा.

पण कुलूप लावलं कुणी? २०२१ साली प्रिंट स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली सुरक्षेची एक मोठी त्रुटी सापडली होती. पॅच येईपर्यंत स्पूलर बंद ठेवा, असा सल्ला तेव्हा दिला जात होता. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२१ मध्ये पॅच दिले. पण तेव्हा बंद करून ठेवलेला स्पूलर काही जुन्या मशिनवर अजून तसाच असू शकतो. सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला असेल तर हे आधी तपासा. आणि स्पूलर चालू केल्यावर विंडोजचे अपडेटही पूर्ण करून घ्या, नाहीतर दुखणं गेलं आणि दार उघडं राहिलं, असं व्हायचं.

पायरी ३: नंबर काय सांगतो ते बघा

‘स्टार्ट’ दाबूनही सर्व्हिस उठली नाही तर विंडोज एक नंबर देतं. दुकानदाराला वरचेवर भेटणारे हे नंबर:

१०५८ – सर्व्हिस डिसेबल्ड आहे. वरची पायरी २ करा.

१०६८ – ही सर्व्हिस ज्या दुसऱ्या सर्व्हिसवर अवलंबून आहे ती सुरू झालेली नाही. दोष हिच्यात नाही, हिच्या आधीच्या माणसात आहे.

१०६९ – सर्व्हिस ज्या यूजरच्या नावाने चालते त्याचं लॉगिन झालं नाही. बहुतेक वेळा पासवर्ड बदललेला असतो.

१०५३ – सर्व्हिसने ठरलेल्या वेळात उत्तर दिलं नाही. विंडोज साधारणपणे ३० सेकंद थांबतं.

१०६७ – सर्व्हिस सुरू झाली आणि मध्येच कोसळली.

नुसता २ – सर्व्हिसची फाइलच जागेवर नाही. कुणी डिलीट केली, किंवा अँटिव्हायरसने व्हायरस समजून उचलून ठेवली.

नुसता ५ – परवानगी नाही. आधी तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करताय का ते बघा.

यातल्या एकाही नंबराचा अर्थ ‘फॉरमॅट मारा’ असा होत नाही.

पायरी ४: आधीचा माणूस आलाय का?

नंबर १०६८ आला तर त्या सर्व्हिसवर डबल क्लिक करून ‘डिपेंडन्सीज’ हा टॅब उघडा. तिथे दोन याद्या असतात. वरची यादी म्हणजे ही सर्व्हिस कुणावर अवलंबून आहे. खालची म्हणजे हिच्यावर कोण अवलंबून आहे. वरच्या यादीतलं एकेक नाव सर्व्हिसेसच्या मोठ्या यादीत शोधा आणि चालू आहे का बघा. जी बंद असेल तिथून सुरुवात करा.

प्रिंट स्पूलर मुख्यतः ‘रिमोट प्रोसिजर कॉल’ या सर्व्हिसवर अवलंबून असतो. विंडोजची कितीतरी कामं या एका सर्व्हिसवर चालतात, म्हणून विंडोज तिला हातही लावू देत नाही. बटणं पुसट दिसली तर ते बरोबरच आहे, बिघाड नाही. पण त्या यादीत एखाद्या जुन्या, काढून टाकलेल्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचं नाव दिसलं, तर तुमचा चोर तिथे आहे. स्पूलर अशा माणसाची वाट बघतोय जो नोकरी सोडून गेलाय! हे नाव काढण्यासाठी कमांड किंवा रजिस्ट्री लागते, ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. पण त्याला ‘इथे हे नाव अडकलंय, एवढंच काढा’ असं तुम्ही सांगू शकता.

बीबीएला आम्हाला ऑपरेशन्समध्ये ‘बॉटलनेक’ शिकवला होता. मी परीक्षेत व्याख्या लिहून मार्क घेतले. खरा अर्थ कळला तो दुकानात. जिथे काम अडलेलं दिसतं, तिथेच ते अडलेलं असतं असं नाही.

पायरी ५: उठते आणि लगेच पडते, तेव्हा

माझ्या दुकानात हेच झालं होतं. स्टार्ट दाबलं की ‘रनिंग’ यायचं. दहा सेकंदांनी खिडकी रिफ्रेश केली की परत रिकामं.

कारण शनिवारचं होतं. संध्याकाळी एका मुलाच्या मोबाईलवरून स्कॅन केलेली भलीमोठी पीडीएफ प्रिंटला दिली होती आणि तेवढ्यात लाईट गेली. यूपीएसची बॅटरी मेलेली, ते मी महिनाभर उद्यावर ढकलत होते. ती अर्धवट फाइल स्पूलरच्या फोल्डरमध्ये तशीच राहिली. मी रीस्टार्ट केलं तरी स्पूलर उठायचा, रांगेतली पहिली फाइल उचलायचा आणि तिच्यावरच आपटायचा. मी कितीही वेळा रीस्टार्ट केलं असतं तरी तो तिथेच आपटला असता, कारण फाइल डिस्कवर होती.

उपाय असा. क्रम बदलू नका.

पहिलं, सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलरवर राइट क्लिक करून ‘स्टॉप’ करा. आधीच बंद असेल तर उत्तम.

दुसरं, सी ड्राइव्ह उघडा. त्यात ‘विंडोज’, त्यात ‘सिस्टीम ३२’, त्यात ‘स्पूल’, त्यात ‘प्रिंटर्स’ नावाचं फोल्डर. परवानगी विचारली तर ‘कंटिन्यू’ दाबा.

तिसरं, त्या फोल्डरच्या आतल्या फाइल्स डिलीट करा. आतल्या, फोल्डर नाही. आणि शेजारच्या इतर फोल्डरना अजिबात हात लावू नका, तिथे तुमच्या प्रिंटरचे ड्रायव्हर असतात.

चौथं, परत सर्व्हिसेसमध्ये येऊन ‘स्टार्ट’ दाबा.

रांगेतल्या सगळ्या प्रिंट यात जातात, त्या परत द्याव्या लागतील. म्हणून गिऱ्हाइकाची मूळ फाइल प्रिंट हातात पडेपर्यंत डिलीट करू नका. हे झाल्यावरही सर्व्हिस पडत असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्या. प्रिंटर यादीतून काढा, ड्रायव्हरही काढा आणि कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून नवीन टाका.

त्यानेही नाही झालं तर विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स तपासायच्या. त्यासाठी ‘डिझम’ आणि ‘सिस्टीम फाइल चेकर’ अशी दोन साधनं विंडोजमध्येच मिळतात. आधी डिझम, मग चेकर. दोन्ही कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून चालवायची. कॉपी करता याव्यात म्हणून दोन्ही कमांड व्हिडिओच्या खाली दिल्यात. याला अर्धा-पाऊण तास लागू शकतो, म्हणून हे गर्दीच्या वेळी नको, दुपारी करा. तुमच्या फाइल्सना यात धक्का लागत नाही.

पायरी ६: विंडोजची डायरी वाचा

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा, ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’, त्याच्या आत ‘सिस्टीम’. इथे विंडोज तारीख-वेळेसकट सगळं लिहून ठेवतं. ‘सोर्स’ या रकान्यात ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर’ असं लिहिलेल्या लाल खुणेच्या नोंदी बघा. ७००० म्हणजे सर्व्हिस सुरू झाली नाही. ७००१ म्हणजे अवलंबून असलेली दुसरी सर्व्हिस अडली. ७००९ म्हणजे वेळ संपली. ७०३१ किंवा ७०३४ म्हणजे चालता-चालता कोसळली.

यात सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पहिली लाल नोंद कधीची आहे. ती वेळ घ्या आणि स्वतःला विचारा, त्याच्या थोडं आधी आपण काय केलं होतं? नवीन सॉफ्टवेअर टाकलं? अपडेट झालं? लाईट गेली? पासवर्ड बदलला?

पासवर्ड बदलला आणि बिलिंग बंद पडलं

पासवर्डवरून आठवलं. आमच्या ट्रेनिंगला येणाऱ्या एका हार्डवेअर दुकानदार दादांचा सकाळी फोन आला. बिलिंग उघडत नाही, सॉफ्टवेअरवाल्यांचा फोन लागत नाही, आणि दारात सिमेंटची गाडी उभी. मी विचारलं, काल काय बदललं? म्हणाले, काहीच नाही. दोन मिनिटांनी म्हणाले, “कामावरचा पोरगा सोडून गेला म्हणून काल संध्याकाळी कॉम्प्युटरचा पासवर्ड तेवढा बदलला.”

पासवर्ड बदलला हे बरोबरच केलं त्यांनी. पण सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने डेटाबेसची सर्व्हिस त्यांच्याच यूजरच्या नावाने लावून ठेवली होती, जुन्या पासवर्डसकट. संध्याकाळी सर्व्हिस आधीच चालू होती, म्हणून चालत राहिली. सकाळी कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला, सर्व्हिसने जुना पासवर्ड दिला आणि विंडोजने तिला दारातच अडवलं. नंबर १०६९.

उपाय दोन मिनिटांचा. त्या सर्व्हिसवर डबल क्लिक, ‘लॉग ऑन’ हा टॅब, तिथे नवीन पासवर्ड दोन वेळा टाकायचा, ‘अप्लाय’ आणि ‘स्टार्ट’. बिलिंग उघडलं. दादांनी गाडी उतरवून घेतली.

डेटाबेसच्या सर्व्हिसचं आणखी एक नेहमीचं दुखणं म्हणजे सी ड्राइव्ह काठोकाठ भरणं. लिहायला जागाच नसेल तर ती उठत नाही. म्हणून ‘धिस पीसी’ उघडून सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय का ते बघा. जागा करताना बिलिंगच्या फोल्डरमधलं मात्र काही उडवू नका. ‘डाउनलोड्स’मध्ये गिऱ्हाइकांच्या हजारो जुन्या पीडीएफ असतात, सफाई तिथून सुरू करा. त्यांचे आधार, पॅन आपल्याकडे पडून राहणं तसंही बरं नाही.

आणि १०५३ वरचेवर येत असेल, म्हणजे जुना कॉम्प्युटर सकाळी सगळं एकदम उठवताना धापा टाकत असेल, तर त्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हिसचा स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ करून बघा. मग ती बाकीच्यांची गर्दी ओसरल्यावर, साधारण दोन मिनिटांनी उठते. त्यासाठी दुकान पाच मिनिटं आधी उघडा.

टेक्निशियनला कधी बोलवायचं?

मी टेक्निशियनच्या विरोधात नाही. माझ्याकडे आजही तोच येतो आणि चांगलं काम करतो. त्या दिवशी चूक त्याची एकट्याची नव्हती. मी त्याला ‘प्रिंट येत नाही, लवकर या’ एवढंच सांगितलं होतं. डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगितलं तर तोही काय करणार?

आता मी फोनवर चार गोष्टी सांगते: सर्व्हिसचं नाव, एररचा नंबर, पहिल्यांदा कधी झालं, आणि त्याआधी काय बदललं. सोबत फोटो पाठवते. बऱ्याचदा तो फोनवरच सांगतो आणि खेप वाचते. त्याचीही आणि माझीही.

रजिस्ट्रीमध्ये बदल करायचा असेल, डिस्कमधून आवाज येत असेल किंवा एकदम चार-पाच सर्व्हिसेस पडत असतील, तर स्वतः खटपट करू नका. सरळ बोलवा. फॉरमॅटला हो म्हणण्याआधी मात्र बिलिंगचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक. हातात कागद असतो, खात्यात पैसे नसतात.

आणखी एक. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरला घाबरलेल्या अवस्थेत फोन लावू नका. समोरचा गोड बोलून स्क्रीन ताब्यात घेतो आणि त्याच कॉम्प्युटरवर तुमचं नेटबँकिंग उघडं असतं. नंबर बिलावरचा किंवा कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरचाच घ्या. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

दुकान उघडण्याआधीच करून ठेवा

तुमच्यापैकी बरेच जण अजून तयारीत आहेत. दुकान बघताय, कर्जाची फाइल फिरतेय. तुम्हाला माझ्यापेक्षा एक फायदा आहे: हे सगळं तुम्ही रांग नसताना करू शकता.

एका वहीत लिहा, माझा धंदा कोणकोणत्या सर्व्हिसवर उभा आहे. प्रिंटसाठी स्पूलर. बिलिंगसाठी सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, “तुमच्या डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव काय, ती कोणत्या यूजरने चालते आणि डेटा कोणत्या फोल्डरमध्ये असतो?” सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी विचारा. पैसे दिल्यावर उत्तरं मिळायला वेळ लागतो.

प्रत्येक महत्त्वाच्या सर्व्हिसचा ‘रिकव्हरी’ टॅब उघडा. पहिल्या आणि दुसऱ्या वेळी कोसळली तर ‘रीस्टार्ट द सर्व्हिस’ असं लावून ठेवा. पण ती रोज कोसळून रोज उठत असेल तर कारण शोधा. रोज उशिरा येणाऱ्या माणसाला रोज नुसता फोन करून उठवत राहिलो, तर तो कधी वेळेवर येईल का?

रोज दुकान बंद करताना बिलिंगचा बॅकअप. दर रविवारी तो उघडून बघणं. आणि यूपीएसची बॅटरी मेली असेल तर उद्या नाही, आज बदला.

शेवटचं, या आठवड्याचा गृहपाठ. घरच्या कॉम्प्युटरवर, निवांत वेळी, प्रिंट स्पूलर मुद्दाम ‘स्टॉप’ करा. मग एक प्रिंट द्या आणि स्क्रीनवर काय येतं ते वाचा. नंतर परत ‘स्टार्ट’ करा. एकदा हाताने केलं की भीती जाते. घड्याळ लावून तीनदा करा, आणि किती मिनिटं लागली ते व्हिडिओखाली लिहा.

माझ्या दुकानात आता काउंटरच्या आत एक कागद चिकटवलाय. कामावर नवीन आलेली मुलगी पहिल्याच आठवड्यात त्यावरून स्पूलर चालू करायला शिकली. परवा मी बँकेत होते, प्रिंट अडली, तिने मला फोनसुद्धा केला नाही. संध्याकाळी सांगितलं, “ताई, अडकलं होतं, केलं मी.” काका त्या वेळी दुकानातच होते म्हणे.

पुढच्या भागात भेटू, बॅकअपच्या वेळापत्रकासह. तोपर्यंत यूपीएस तपासा.